ढोल-ताशा वादकांचे कान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणेशोत्सवाच्या दोन-अडीच महिने आधी नदीपात्रात, मैदानांवर आणि शाळांच्या पटांगणांत पथकांचे सराव सुरू होतात, आणि त्याच सुमारास कानांविषयीचे प्रश्नही येऊ लागतात. वादक, त्यांचे पालक, पथकप्रमुख आणि मिरवणुकीच्या मार्गावर राहणारे रहिवासी यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. हे लेखन वैद्यकीय तपासणीला पर्याय नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले असेल, तर बाकी सारे बाजूला ठेवून प्रश्न १७ आधी वाचावा.

१. ढोल-ताशाने खरोखरच कान खराब होतात का? जुने वादक तर वर्षानुवर्षे वाजवत आले आहेत.

होऊ शकतात. आतल्या कानात, शंखासारख्या वळणदार पोकळीत, सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात आणि हवेतील कंपनांचे मेंदूला समजणाऱ्या संदेशांत रूपांतर करण्याचे काम त्या करतात. माणसाच्या कानातील या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत. मोठ्या आवाजाचा पहिला घाव बहुधा ३००० ते ६००० हर्ट्झ या पट्ट्यावर आणि विशेषतः ४००० हर्ट्झच्या आसपास बसतो, कारण कानाच्या नळीच्या रचनेमुळे ३००० हर्ट्झच्या जवळपासचे स्वर आत जाताना आपोआप वाढतात. बोलण्यातील स्वर यापेक्षा खालच्या पट्टीत असल्यामुळे सुरुवातीची कित्येक वर्षे काहीच जाणवत नाही. पुढे स, श, त, क ही व्यंजने निसटू लागतात आणि समोरचा ‘सात’ म्हणाला की ‘आत’ म्हणाला, याचा गोंधळ होतो.

जुन्या वादकांचे म्हणाल, तर त्यांच्यापैकी फार थोड्यांची श्रवणचाचणी झाली होती आणि उतारवयात ऐकू कमी आले की ते वयावर ढकलले गेले. शिवाय तेव्हाची पथके लहान होती आणि हंगामही आखूड होता. आता ढोलाला चामड्याऐवजी प्लास्टिकचे पान, म्हणजे वाजवण्याचा पडदा, आले, एकेका पथकात शंभराच्या वर ढोल आले, आणि तोच वादक गणपतीच्या आगमनापासून शिवजयंती, गुढीपाडव्याची शोभायात्रा आणि लग्नाच्या वरातीपर्यंत वाजवत असतो.

२. किती आवाज आणि किती वेळ सुरक्षित मानावा?

हा प्रश्न नेहमी दोन भागांत विचारला पाहिजे, कारण कानाला होणारी इजा आवाजाची पातळी आणि काळ या दोहोंच्या गुणाकारावर ठरते. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेच्या, म्हणजे नियॉशच्या, शिफारशीनुसार ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास ही मर्यादा आहे आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते. त्या हिशेबाने ८८ डेसिबलला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे मिळतात. पथकाच्या आत, ताशांच्या ओळीजवळ, १०० चा आकडा सहज ओलांडला जातो. म्हणजे दोन तासांच्या सरावात उघड्या कानांचा दिवसाचा वाटा पहिल्या दोन-तीन हातांतच, म्हणजे वादनाच्या ठरलेल्या चालींतच, संपतो.

हाच हिशेब उलट बाजूनेही वाचता येतो. कानापर्यंत पोहोचणारा आवाज १५ डेसिबलने कमी केला, तर १०० चे ८५ होतात आणि १५ मिनिटांचे ८ तास होतात. पुढील बहुतेक उत्तरे या एका गणितावर उभी आहेत.

३. मोबाइलमधील आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपवर विश्वास ठेवावा का?

इशारा म्हणून ठेवावा, पुरावा म्हणून नाही. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि ढोलाच्या ठोक्याजवळ तो लवकर कमाल मर्यादेला पोहोचतो, त्यामुळे खरा आवाज कितीतरी जास्त असतानाही आकडा एका जागी अडकलेला दिसतो. ठोक्याचे टोक आणि सरासरी यांतला फरकही बरीच अ‍ॅप नीट दाखवत नाहीत. फोनशिवाय एक साधी कसोटी आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर आजूबाजूचा आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असे समजावे. पथकात तर कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय काही कळत नाही, तेव्हा अ‍ॅप उघडण्याची फारशी गरजही उरत नाही.

४. सरावानंतर कानाला दडे बसतात आणि कुईं असा आवाज येतो, पण सकाळपर्यंत सगळे ठीक होते. मग काळजी कशाला?

याला तात्पुरती श्रवणघट म्हणतात. केशपेशी थकलेल्या असतात आणि साधारण १६ ते ४८ तासांत त्या सावरतात. अडचण अशी की पथकाचा सराव रोज असतो आणि आजच्या थकव्यावर उद्याचा आवाज पडतो. तात्पुरती घट कायमची कोणत्या दिवशी झाली, हे कोणालाही नंतर सांगता येत नाही.

काही पथकांत सरावानंतर कान वाजणे हे जोरदार वादनाचे प्रशस्तिपत्रक मानले जाते. आमच्या मते हा पथकसंस्कृतीतला सर्वांत महागडा गैरसमज आहे. कान वाजत असेल, तर त्या दिवशी आवाजाची मात्रा तुमच्या कानाला झेपली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या सरावाला कानातला प्लग (प्रश्न ६) बदलावा किंवा जागा बदलावी, आणि ४८ तासांनंतरही आवाज राहिल्यास तपासणी करावी (प्रश्न ११).

५. आम्ही कानात कापूस घालतो. तेवढे पुरत नाही का?

नाही. कापसातून हवा जाते आणि हवेबरोबर आवाजही. कोरड्या कापसाच्या बोळ्याने फार तर पाच-सात डेसिबल कमी होतात आणि तेही मुख्यतः वरच्या पट्टीत. अर्धवट बंद झाल्याची भावना येते, म्हणून माणूस निर्धास्त होऊन ताशाच्या अधिक जवळ उभा राहतो, हा त्याचा खरा तोटा. टिश्यू पेपर आणि संगीत ऐकण्याचे साधे इअरफोन यांचीही तीच गत आहे. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन विमानाच्या एकसुरी घरघरीसाठी उत्तम असतात, परंतु ठोक्यासारख्या अचानक आवाजासाठी ते संरक्षक साधन नव्हे.

६. मग कोणते इअरप्लग घ्यावेत?

तीन प्रकार विचारात घ्यावेत. फोमचे प्लग सर्वांत स्वस्त असतात, औषधांच्या दुकानांत आणि औद्योगिक सुरक्षासाहित्याच्या दुकानांत मिळतात, आणि नीट बसवले तर सर्वाधिक आवाज अडवतात. वेष्टनावर एनआरआर म्हणून, म्हणजे किती डेसिबल आवाज कमी होतो ते सांगणारा, २९ किंवा ३३ असा आकडा असतो, पण तो प्रयोगशाळेतला असतो. मैदानावर, घाईत घातलेल्या फोमच्या प्लगसाठी त्याच्या निम्माच फायदा गृहीत धरावा.

फोमचा दोष हा की तो वरची पट्टी जास्त कापतो. ढोलाचा घुमारा शिल्लक राहतो आणि ताशाची तर्री, म्हणजे सलग जलद ठोक्यांचा आवाज, मात्र चादरीखालून आल्यासारखी वाटते. यावर उपाय म्हणून वादकांसाठीचे फिल्टरचे प्लग निघाले. त्यांतील छोटी जाळी व पडदा सर्व पट्ट्यांतला आवाज साधारण सारख्याच प्रमाणात उतरवतात, त्यामुळे वादन तसेच राहते, फक्त हळू होते. तयार मापाचे फिल्टर प्लग ऑनलाइन मिळतात. तिसरा प्रकार म्हणजे कानाचा साचा घेऊन बनवलेले प्लग, ज्यांत ९, १५ किंवा २५ डेसिबलचा फिल्टर निवडता येतो. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, साचा घेतो, खर्च काही हजारांत जातो, पण दरवर्षी वाजवणाऱ्याला तो अनेक हंगाम पुरतो.

आमची शिफारस अशी की ढोलवादकाने १५ डेसिबलच्या फिल्टरपासून सुरुवात करावी. ताशावादकाला आणि ताशांच्या लगतच्या ओळीतल्या वादकाला २५ च्या जवळचे किंवा नीट बसवलेले फोमचे प्लग लागतात. पैसे नसतील, तर फोम घ्यावा आणि तो नीट बसवायला शिकावे. कपाटात राहिलेल्या महाग प्लगपेक्षा कानात असलेला फोम केव्हाही चांगला.

७. फोमचा प्लग सारखा बाहेर येतो. कसा बसवावा?

हात धुऊन प्लग दोन बोटांत सरळ, सुरकुत्या न पडता, बारीक वळून घ्यावा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. प्लग पटकन आत सरकवून, तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. समोरून पाहणाऱ्याला प्लगचे टोक कानाबाहेर आलेले दिसत असेल, तर तो बसलेलाच नाही. वादन सुरू असताना घामाने सैल झालेला प्लग मळक्या बोटांनी पुन्हा कोंबू नये. घामट झालेला फोम टाकून नवा घ्यावा.

८. प्लग घातले की माझाच श्वास आणि ढोल डोक्यात घुमतो, आणि ताशाचा हात कळत नाही. काय करावे?

कानाची नळी बाहेरच्या टोकाला बंद झाली की हाडांतून येणारी कंपने आत अडकतात आणि स्वतःचा आवाज पोकळ पिंपातून आल्यासारखा वाटतो. प्लग जितका खोल, तितके हे घुमणे कमी होते, म्हणून पहिला उपाय तो आणखी आत बसवणे हाच आहे. शिकायला सुरुवात करतानाच, म्हणजे हंगामाच्या पहिल्या आठवड्यापासून, प्लग घालूनच हात बसवावेत. ज्याने महिनाभर उघड्या कानांनी सराव केला आणि मिरवणुकीच्या दिवशी पहिल्यांदा प्लग घातला, त्याची लय चुकणारच.

ढोलाची लय कानाइतकीच छातीतून आणि पोटातून कळते, आणि हात बदलण्याची खूण बहुतेक पथकांत डोळ्यांनीच घेतली जाते. अनुभवी वादक म्हणूनच प्लगला लवकर सरावतात. अडचण खरी येते ती नव्या ताशावादकाला, आणि त्याने फिल्टरचेच प्लग घ्यावेत.

९. माझा कान आता कायमचाच वाजतो. पथक सोडावे लागेल का?

कर्णनाद हा आजार नसून लक्षण आहे, आणि तो असलेले कितीतरी वादक वाजवत राहतात. आधी तपासणी करून घ्यावी, कारण आवाज एकाच कानात असेल, किंवा नाडीच्या ठोक्यांबरोबर धडधडत असेल, तर कारण ढोलाव्यतिरिक्त दुसरे असू शकते आणि ते शोधावे लागते. तसे काही नसेल, तर दोन गोष्टी पाळाव्यात. संरक्षणाशिवाय एकही हात वाजवू नये, आणि वादनानंतर कर्णनाद दुसऱ्या दिवशीही वाढलेला राहिला, तर हंगामाची मात्रा निम्म्यावर आणावी.

कर्णनाद कायमचा घालवणारे सिद्ध औषध आज उपलब्ध नाही. जाहिरातीतील थेंब आणि गोळ्यांवर पैसे खर्च करण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे. ज्याचा उपयोग होतो असे दिसले आहे, त्यात त्रासाकडे पाहण्याची सवय बदलणारी बोधात्मक वर्तनोपचार पद्धत येते, आणि ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रही येते. रात्री खोलीत संपूर्ण शांतता ठेवण्याऐवजी पंखा किंवा पावसाचा मंद आवाज चालू ठेवला, तर अनेकांना झोप लागते. सोडायचे की नाही, हा निर्णय ऐन विसर्जनानंतरच्या आठवड्यात घेऊ नये. दोन महिने थांबून, रिपोर्ट हातात घेऊन घ्यावा.

१०. मिरवणुकीपासून कुकरची शिट्टी आणि भांड्यांचा आवाजही सहन होत नाही. आता मी दिवसभर प्लग घालून असतो. ते योग्य आहे का?

नाही, आणि हे उत्तर वाचकांना सर्वांत जास्त अनपेक्षित वाटते. रोजचे मध्यम आवाज असह्य किंवा वेदनादायक वाटणे याला ध्वनी-अतिसंवेदनशीलता म्हणतात. मोठ्या आवाजाच्या आघातानंतर ती येऊ शकते आणि कर्णनादाच्या जोडीला पुष्कळदा दिसते. अशा वेळी सतत कान झाकून ठेवले, तर मेंदू कमी मिळणाऱ्या आवाजाची भरपाई म्हणून आतली संवेदनशीलता आणखी वाढवतो, आणि हळूहळू चमच्याचा आवाजही नकोसा होतो. म्हणून घरात, कार्यालयात आणि साध्या रहदारीत प्लग काढावेत. जेथे खरोखर मोठा आवाज आहे तेथेच घालावेत. ऑडिओलॉजिस्टच्या देखरेखीखाली मंद, एकसारखा आवाज रोज ऐकून सहनशक्ती हळूहळू वाढवता येते, पण त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात.

येथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. श्रवणघट असलेल्यांना हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा वाढवला की एकदम मोठा वाटतो. हा केशपेशींच्या हानीचा परिणाम आहे. कोणाच्या तरी जेवताना मचमच करण्याने संताप येणे हा निराळा प्रकार असून त्याचा आवाजाच्या पातळीशी संबंध नसतो. अर्धशिशीच्या झटक्यात आवाज नकोसा होणे हे झटका ओसरला की थांबते. उपचार वेगवेगळे असल्यामुळे डॉक्टरांना नेमके काय होते ते उदाहरणासह सांगावे.

पथकात परतण्याचा क्रमही हळू ठेवावा. आधी प्लग लावून सराव बाहेरून पाहावा, मग कडेच्या ओळीत एक-दोन हात, आणि दुसऱ्या दिवशी त्रास वाढला नसेल तरच पुढे.

११. कोणती तपासणी करावी, केव्हा आणि कोठे?

प्युअर टोन ऑडिओमेट्री ही मूळ चाचणी आहे. बंद खोलीत हेडफोनमधून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकवून, किती हळू आवाज ऐकू येतो हे मोजतात. आपण वादक आहोत हे सांगून ३००० आणि ६००० हर्ट्झचीही नोंद घ्यायला सांगावी, कारण घाईच्या चाचणीत हे दोन टप्पे वगळले जातात आणि वादकाची पहिली हानी नेमकी तेथेच दडलेली असू शकते. चाचणीपूर्वी किमान १६ तास ढोल, डीजे, मोठ्याने हेडफोन, सारे वर्ज्य ठेवावे, नाहीतर तात्पुरती घट कायमची म्हणून नोंदली जाईल.

पहिली चाचणी हंगामापूर्वी, काहीही त्रास नसताना करावी. तो पायाभूत रिपोर्ट जपून ठेवावा आणि दरवर्षी त्याच्याशी तुलना करावी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागांत ही चाचणी होते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणदोषांसाठीच आहे.

१२. रिपोर्ट नॉर्मल आला, तरी हॉटेलात मित्रांचे बोलणे समजत नाही. मला भ्रम होतो आहे का?

नाही. ऑडिओमेट्री शांत खोलीत, एकेक स्वर ऐकवून केली जाते, आणि गोंगाटातून बोलणे वेगळे काढणे ही निराळी क्षमता आहे. २००९ मध्ये उंदरांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी केशपेशी आणि श्रवणचेता यांच्यामधील जोडण्या कायमच्या तुटलेल्या राहू शकतात. माणसांत याचे मोजमाप करणे अद्याप कठीण आहे. गोंगाटातील शब्द-आकलनाची चाचणी काही केंद्रांत होते, ती मागून घ्यावी, आणि नॉर्मल रिपोर्टला उघड्या कानांनी वाजवण्याचा परवाना समजू नये.

१३. मी श्रवणयंत्र वापरतो. पथकात वाजवू शकतो का?

वाजवू शकता, पण यंत्र काढून आणि प्लग घालून. बंद केलेले श्रवणयंत्र कानात ठेवले की प्लगचे काम होते, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे, कारण बहुतेक यंत्रांच्या टोकाला हवेसाठी छिद्र असते. चालू ठेवले, तर ढोलाच्या ठोक्याला यंत्राचा माइक फाटका आवाज देतो आणि तुमच्या उरलेल्या श्रवणावर आणखी आवाज चढतो. आधीच घट आहे म्हणून आता काय बिघडणार, हा युक्तिवादही करू नये. उरलेले ऐकणे जपण्याची गरज तुम्हाला इतरांपेक्षा जास्त आहे.

वादनापूर्वीच्या सूचना ऐकण्यासाठी यंत्र लागतेच. त्यासाठी सोबत घट्ट झाकणाची डबी आणि सिलिका जेलची पुडी ठेवावी, कारण भाद्रपदातील पाऊस, घाम आणि गुलाल हे तिघेही यंत्राचे शत्रू आहेत. घरी बसून संगीत ऐकण्यासाठी ऑडिओलॉजिस्टकडून वेगळी संगीत-सेटिंग करून घ्यावी. बोलण्यासाठीची नेहमीची सेटिंग शिट्टी दाबण्याच्या नादात बासरीचे आणि सनईचे सूरही दाबते.

कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेले श्रवणसाधन) असलेल्यांनी बाहेरचा प्रोसेसर काढून ठेवावा आणि दुसऱ्या कानात श्रवण शिल्लक असेल, तर त्याला प्लग लावावा. गर्दीत डोक्याला ढोलाचा किंवा ध्वजाच्या काठीचा मार बसू नये, म्हणून कडेची जागा घ्यावी.

१४. मला एकाच कानाने ऐकू येते.

तर नियम कडक करावा लागेल. चांगला कान ताशांपासून दूर राहील अशी जागा कायमची मागून घ्यावी, त्या कानात नेहमी जास्त क्षमतेचा प्लग घालावा आणि टोलच्या (पथकातल्या धातूच्या मोठ्या घंटेच्या) शेजारी कधीही उभे राहू नये. एका कानाने दिशा कळत नाही, म्हणून मिरवणुकीत मागून येणाऱ्या गाड्यांकडे लक्ष देणारा एक सहकारी जवळ असावा.

१५. कानाच्या पडद्याला छिद्र आहे, कधी कधी कान वाहतो. प्लग चालेल का? आणि मळ असेल तर?

कान वाहत असताना प्लग घालू नये. ओलसर, बंद नळीत संसर्ग वाढतो. अशा दिवसांत वादन टाळावे किंवा कानावरून बसणारे इअरमफ वापरावेत. कान कोरडा असेल आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल, तर छिद्र असूनही स्वच्छ प्लग वापरता येतो. पडद्याला छिद्र आहे म्हणजे आवाज आत पोहोचत नाही, असे समजू नये. मळ साचला असेल, तर प्लगने तो आणखी आत ढकलला जातो, म्हणून हंगामाआधी डॉक्टरांकडून काढून घ्यावा. काडी, पिन आणि कोमट तेल हे घरगुती उपाय टाळावेत.

१६. ढोल वाजला की मला चक्कर येते, कान मात्र दुखत नाही. असे का होते?

दमणूक, उपाशीपोटी वादन आणि पाणी कमी पडणे ही साधी कारणे आधी तपासावीत. पण ठोक्याच्या क्षणीच डोळ्यांपुढचे जग हलल्यासारखे वाटत असेल, स्वतःच्या पावलांचा किंवा डोळे फिरवण्याचा आवाज कानात ऐकू येत असेल, तर आतल्या कानातील तोलाच्या वरच्या अर्धवर्तुळाकार नळीवरील हाड विरळ झालेले असू शकते. हा प्रकार दुर्मीळ आहे, सीटी स्कॅनने कळतो आणि प्लगने तो सुटत नाही. निदान होईपर्यंत वजनदार ढोल कमरेला बांधू नये.

१७. सकाळी उठलो तर एका कानाने ऐकूच येत नाही. सर्दी असेल म्हणून थांबलो आहे.

थांबू नये. काही तासांत किंवा तीन दिवसांच्या आत एका कानाची श्रवणशक्ती झपाट्याने उतरणे ही आणीबाणी आहे. स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर, शक्यतो पहिल्या काही दिवसांत आणि फार तर दोन आठवड्यांत, सुरू होईल, तितकी ऐकू परत येण्याची शक्यता जास्त. ढोल वाजवला होता म्हणून असे झाले असेल, ही समजूत येथे घातक ठरते. ढोलाची घट बहुधा दोन्ही कानांत आणि हळूहळू होते. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. कानाजवळ सुतळी बॉम्ब फुटल्यानंतर ऐकू कमी आल्यासही हाच नियम लागू आहे.

१८. मी गरोदर आहे. प्लग घालून वाजवले तर चालेल ना?

आमचा सल्ला नाही असाच आहे. प्लग आईच्या कानाला वाचवतो, पोटातल्या बाळाला नाही. गर्भाला साधारण पाचव्या महिन्यापासून आवाज जाणवू लागतो, आणि पोटाच्या आवरणातून उच्च स्वर अडतात, पण ढोलाचे खर्जातले स्वर फारसे अडत नाहीत. त्यातही ढोल पोटालाच टेकलेला असतो. वजनाचा प्रश्न वेगळाच. ध्वज किंवा झांज घेऊन पथकाच्या आतच राहणे हाही पर्याय नव्हे. नियोजन, हिशेब आणि वाद्यांची देखभाल यांत पथकाला माणसे नेहमीच कमी पडतात.

१९. लहान मुलांना मिरवणूक दाखवायची आहे. माझा मुलगा स्वमग्न आहे आणि आवाजाला घाबरतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सीमा मानते, तर मुलांसाठी ७५. तान्ह्या बाळाला मिरवणुकीत नेऊच नये. मोठ्या मुलांना मुलांच्या मापाचे इअरमफ घालावेत, कारण लहान कानात फोमचा प्लग धड बसत नाही आणि गिळला जाण्याची भीती असते. उघड्यावर स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. दुतर्फा इमारती असलेल्या अरुंद रस्त्यात हा लाभ कमी मिळतो, म्हणून चौकात किंवा मोकळ्या जागी उभे राहावे.

स्वमग्न मुलाच्या बाबतीत भीती आवाजाबरोबरच अनपेक्षितपणाचीही असू शकते. इअरमफ घरी आठवडाभर आधीपासून खेळताना घालायची सवय लावावी, सरावाची चित्रफीत हळू आवाजात दाखवावी आणि परतीची वाट मोकळी असलेल्या ठिकाणी दहा मिनिटांपुरतेच न्यावे. निघायची खूण त्याच्या हाती द्यावी. त्याने हात ओढला की वाद न घालता निघायचे. काही मुलांना याउलट ढोलाचे कंपन फार आवडते आणि ती ढोलाला कान लावायला धावतात. त्यांनाही इअरमफ हवेतच.

२०. औषधे चालू असताना कानाला जास्त धोका असतो का?

काही औषधांमुळे असतो. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन आणि अ‍ॅमिकासिन ही प्रतिजैविके, तसेच कर्करोगावरील सिस्प्लॅटिन यांनी केशपेशींना इजा होऊ शकते. मोठ्या आवाजाची त्यात भर पडू देऊ नये. क्षयरोगाच्या उपचारात इंजेक्शने चालू असतील, तर डॉक्टरांना वादनाविषयी स्पष्ट सांगावे. अ‍ॅस्पिरिनच्या मोठ्या मात्रेने कान वाजतो, पण औषध थांबल्यावर तो बहुधा शांत होतो. कोणतेही औषध मनाने बंद करू नये.

२१. पथकप्रमुख म्हणून मी काय करू शकतो?

सर्वांत परिणामकारक गोष्ट फुकट आहे. ताशांजवळच्या ओळीतले वादक दर अर्ध्या तासाने कडेला न्यावेत, म्हणजे एकाच्याच कानावर सारी मात्रा पडणार नाही. नव्यांना शिकवताना ढोलाऐवजी जमिनीवर किंवा जुन्या टायरवर टिपरू (ढोल वाजवायची काठी) मारून हात बसवावेत. सराव शक्यतो मोकळ्या मैदानात घ्यावा. पुलाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये आवाज परतून येतो आणि वादकाला दुप्पट मार बसतो. दोन तासांत एकदा दहा मिनिटांची शांत विश्रांती द्यावी आणि त्या वेळात स्पीकर लावू नये. गणवेश आणि टिपरूंच्या यादीत प्लगची जोडी घालावी, सुरुवातीच्या शुल्कातच.

शिट्टी वापरत असाल, तर स्वतःच्या कानांचाही विचार करावा. फुंकणाऱ्याच्या कानाशी शिट्टीचा आवाज १०० डेसिबलच्या पुढे जातो. हाताची किंवा झेंड्याची खूण पुरते.

ज्येष्ठ वादकांनी सर्वांसमोर प्लग घालावेत, एवढ्याने जेवढा फरक पडतो तेवढा सूचनाफलकाने पडत नाही.

२२. मी वाजवत नाही. माझे घर मिरवणुकीच्या मार्गावर आहे आणि मला अतिसंवेदनशीलतेचा त्रास आहे. कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४० आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. राज्य सरकार वर्षातील १५ दिवसांपर्यंत वाजवण्याची वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्रीच्या निर्बंधात केवळ ध्वनिवर्धक नव्हे, तर वाद्येही आली. प्रत्यक्षात काय घडते हे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय (आताचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) वर्षानुवर्षे लक्ष्मी रस्त्यावरील चौकांत मोजत आले आहे, आणि मिरवणूक भरात असताना तेथील सरासरी ९० डेसिबलच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पथकात ३० वादकांचीच मर्यादा घातली होती, तिला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. ही स्थगिती संख्येच्या मर्यादेला मिळाली, डेसिबलची मर्यादा मात्र कायम आहे.

तक्रार पोलिसांच्या ११२ क्रमांकावर करता येते. व्यवहारात विसर्जनाचे दोन दिवस नातेवाइकांकडे काढणे अनेकांना सोपे जाते. घरीच राहायचे असल्यास रस्त्याच्या विरुद्ध बाजूची खोली निवडावी, खिडक्यांच्या फटी जाड कापडाने बंद कराव्यात आणि पथक प्रत्यक्ष समोर असेल तेवढाच वेळ प्लग घालावेत (कारण प्रश्न १० मध्ये दिले आहे). आत पंख्याचा एकसारखा आवाज असला, तर बाहेरचे ठोके कमी दचकवतात. डॉल्बीच्या भिंतीचा खर्ज मात्र प्लग आणि खिडकी दोघांनाही जुमानत नाही. त्यावर अंतर हाच उपाय आहे.

२३. प्लगवर इअरमफ चढवले तर दुप्पट संरक्षण मिळते का?

नाही, दोघांपैकी जे अधिक प्रभावी असेल त्याच्यावर साधारण ५ डेसिबलची भर पडते. ताशावादकाला तेवढी भरही उपयोगी ठरते. त्यापलीकडे आवाज कवटीच्या हाडांतून आत पोहोचतो, आणि तो अडवणारा प्लग नाही.

२४. वाजवून वाजवून ऐकू कमी झाले. अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळेल का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यांतील घट ६० ते ७० डेसिबल असेल, तर ऐकू कमी येणारी व्यक्ती, आणि ७० डेसिबल असेल, तर कर्णबधिर व्यक्ती अशी नोंद होते. आवाजाने होणारी घट मुख्यतः वरच्या पट्टीत असल्यामुळे बहुतेक वादक या मर्यादेपर्यंत पोहोचत नाहीत, जरी त्यांना गर्दीत बोलणे समजत नसले तरी. तपासणी सरकारी रुग्णालयाच्या मंडळाकडून होते आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. अर्जासोबत हंगामाआधीचे जुने रिपोर्ट जोडावेत.